काढलेली चिठ्ठी परत टाकली नाही, तर गणित कसे बदलते?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकातले कोडे असे होते : पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या आहेत. न बघता एकामागून एक दोन गोट्या काढल्या, पहिली परत टाकली नाही. दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता किती? उत्तर होते ५/१४. तेवढ्या एका ओळीने ज्यांचे समाधान झाले नाही त्यांची, आणि त्या निमित्ताने पार्किंगच्या, आंब्याच्या, हौजीच्या वादांचा निकाल मागणाऱ्यांची पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. कोड्याचे उत्तर तिने ५/८ × ५/८ = २५/६४ असे काढले होते. ते का चुकले हे तिला पटले. पण 'एक लाल, एक निळी' यासाठी तिने ५/८ × ३/७ = १५/५६ लिहिले, तर शिकवणीच्या बाईंनी १५/२८ सांगितले. बरोबर दुप्पट. हे दुप्पट कुठून आले?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : २५/६४ हे उत्तर पहिली गोटी परत टाकून पिशवी हलवली तर बरोबर आहे. परत टाकली नाही, की पिशवीत सातच गोट्या उरतात आणि पहिली लाल निघालेली असल्याने त्यांतल्या लाल चारच. म्हणून ५/८ × ४/७ = २०/५६, म्हणजे ५/१४. छेद एकाने कमी करायचा हे बहुतेक मुलांच्या लक्षात राहते. अंशही कमी करायचा की नाही, हे आधी काय निघाले त्यावर ठरते, आणि घोळ तिथे होतो. तुमच्या मुलीने दुसऱ्या अपूर्णांकात ३/७ लिहिले ते अगदी बरोबर आहे, कारण लाल गोटी गेल्याने निळ्या कमी झालेल्या नाहीत.

तिचे १५/५६ चुकलेले नाही, अर्धे आहे. ते 'आधी लाल, मग निळी' याचे उत्तर झाले. 'आधी निळी, मग लाल' यानेही एक लाल आणि एक निळी हातात येते : ३/८ × ५/७ = १५/५६. दोन्हींची बेरीज ३०/५६, म्हणजे १५/२८. गोट्या तीन काढायच्या असतील आणि 'दोन लाल, एक निळी' हवी असेल, तर निळी पहिली, दुसरी किंवा तिसरी असे तीन क्रम होतात. प्रत्येक क्रमाचा गुणाकार सारखाच येतो, कारण अंशातले तेच आकडे जागा बदलून येतात. त्यामुळे एकदा गुणायचे आणि तीनपट करायचे.

उत्तर तपासायला सोपी युक्ती आहे. दोन लाल २०/५६, एकेक ३०/५६, दोन निळ्या ३/८ × २/७ = ६/५६. बेरीज ५६/५६ झाली. ती १ झाली नसती, तर एखादा क्रम सुटला आहे हे तिथेच कळले असते. परीक्षेत यासाठी अर्धे मिनिट द्यायला हरकत नाही.

दुसरी रीत क्रम विसरण्याची. आठातून दोन गोट्यांच्या जोड्या २८. दोन लाल असलेल्या जोड्या १०, एकेक असलेल्या १५, दोन निळ्या असलेल्या ३. म्हणून थेट १५/२८. दोन्ही रीती चालतात, फक्त एका गणितात एकच वापरायची. वर क्रम न मोजता १५ आणि खाली क्रम मोजून ५६ अशी भेसळ केली तरी नेमके तुमच्या मुलीचेच चुकीचे उत्तर मिळते. आणि हो, 'अंकांची पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या तयार करा' ही दहावीची उदाहरणेही 'परत न टाकता' याच जातीची आहेत. ०, १, २, ३, ४ हे अंक घेतले तर दशकस्थानी शून्य सोडून ४ आणि एककस्थानी उरलेल्यांतले ४, म्हणून नमुना अवकाशात (सगळ्या शक्य निकालांच्या यादीत) १६ घटक. पुनरावृत्ती चालली असती तर २०.

प्रश्न : उदाहरणात 'परत न टाकता' असे लिहिलेलेच नसेल तर काय धरायचे?
– अकरावीचा विद्यार्थी, नारायण पेठ

उत्तर : 'एकदम', 'एकाच वेळी', 'मूठभर', 'तिघांची समिती' अशा शब्दांत परत टाकणे संभवतच नाही. एकदम दोन काढणे आणि परत न टाकता एकामागून एक दोन काढणे, हे गणिताच्या दृष्टीने एकच. नुसते 'एकामागून एक' लिहिले असेल तर मात्र अर्थ खरोखर संदिग्ध आहे. अशा वेळी काय गृहीत धरले ते पहिल्या ओळीत लिहून पुढे जावे.

ही संदिग्धता फार जुनी आहे. डच गणिती ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ मध्ये वाचकांसाठी पाच उदाहरणे छापली. त्यांतले एक असे : १२ सोंगट्या, ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या. तिघे डोळे बांधून पाळीपाळीने एकेक काढतात. ज्याला आधी पांढरी मिळेल तो जिंकला. काळी निघाली तर ती परत टाकायची की नाही, हे उदाहरणात स्पष्ट नव्हते. याकोब बर्नुली यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वेगवेगळ्या अर्थांचा ऊहापोह आहे. परत टाकली तर तिघांच्या संधींचे गुणोत्तर ९ : ६ : ४ येते. परत टाकली नाही तर ७७ : ५३ : ३५. टक्केवारीत पहिल्याची संधी ४७.४ वरून ४६.७ वर येते. फरक लहान आहे, पण उत्तरपत्रिकेत ९ : ६ : ४ आणि ७७ : ५३ : ३५ यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

दुसरे गुणोत्तर स्वतः काढून पाहा. पहिली पांढरी सोंगटी कितव्या खेपेला येते, त्याचे १ ते ९ असे नऊ प्रकार होतात. नवव्यापुढे जाता येत नाही, कारण काळ्या आठच आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २० सदनिका आणि झाकलेल्या पार्किंगच्या १४ जागा. चिठ्ठ्या टाकायचे ठरले. सभेत वाद झाला की, आधी चिठ्ठी उचलणाऱ्याचा फायदा होतो, कारण डब्यात तेव्हा चौदाच्या चौदा जागा असतात. काहींचे म्हणणे उलट : शेवटी थांबणे चांगले. सचिवांनी सदनिका क्रमांकाने बोलवायचे ठरवले, तेही काहींना मान्य नाही. खरे काय?
– सोसायटीचे सभासद, कोथरूड

उत्तर : कोणीही केव्हाही उचलले तरी प्रत्येकाची संधी १४/२०, म्हणजे ७० टक्केच. पहिल्याची १४/२० हे उघड आहे. दुसऱ्याचे मांडून पाहा. पहिल्याला जागा मिळाली असेल तर दुसऱ्यासाठी १९ पैकी १३ उरतात, नसेल मिळाली तर १९ पैकी १४ :

१४/२० × १३/१९ + ६/२० × १४/१९ = १४ × (१३ + ६) / (२० × १९) = १४/२०

कंसातले १३ आणि ६ मिळून १९ होतात आणि खालच्या १९ ला छेदून जातात. तिसऱ्यासाठी, सातव्यासाठी, विसाव्यासाठीही हेच होते, फक्त मांडणी लांबते. ती टाळायची तर डब्यातल्या वीस चिठ्ठ्या मनाने एका रांगेत मांडा. नीट मिसळलेल्या रांगेत विसाव्या जागेवर 'झाकलेली' चिठ्ठी असण्याचा संभव पहिल्या जागेइतकाच असतो. पहिल्या जागेला कोणताही विशेष मान नाही.

मग सभेत लोकांना वेगळे का वाटते? कारण चिठ्ठ्या एकेक उघडल्या जातात. पहिल्या पाच जणांना पाचही झाकलेल्या जागा मिळाल्या, तर सहाव्याची संधी ९/१५, म्हणजे ६० टक्क्यांवर येते आणि तो तोंड वाकडे करतो. पहिल्या पाचांत तिघे रिकाम्या हाताने परतले, तर तीच १२/१५, म्हणजे ८० टक्के होते. तेव्हा मात्र तो गप्प बसतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते पाच चिठ्ठ्या पाहिल्यानंतरचे आहेत. चिठ्ठी डब्यातून गेली म्हणून संभाव्यता बदलत नाही, ती कोणती हे कळले म्हणून बदलते. पाच जणांनी चिठ्ठ्या मिटलेल्याच मुठीत धरल्या, तर सहाव्याची संधी पुन्हा ७० टक्के. यावरूनच उपाय निघतो. सगळ्यांनी मिटलेल्या चिठ्ठ्या उचलून घ्याव्यात आणि शेवटी एकदम उघडाव्यात. सदनिका क्रमांकाने बोलवा, आडनावाने बोलवा, वाद उरत नाही. गैरहजर सभासदाची चिठ्ठी कोण उचलणार एवढे मात्र आधी ठरवून इतिवृत्तात लिहा.

अन्याय होतो तो क्रमामुळे नाही, नीट न मिसळल्यामुळे. वरचे सगळे गणित 'प्रत्येक चिठ्ठी निघण्याचा संभव सारखा' या एका अटीवर उभे आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीचा क्रम ठरवण्यासाठी वर्षातल्या ३६६ तारखा कुप्यांत भरून सोडत काढली गेली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. सोसायटीच्या डब्यातही हेच होते. एक ते वीस क्रमाने टाकलेल्या चिठ्ठ्या अरुंद बरणीत दोनदा हलवल्या, तर शेवटी टाकलेल्या वरच राहतात आणि लोक वरचीच उचलतात. एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्याच घड्या घातलेल्या चिठ्ठ्या घ्या. पसरट परात किंवा मोठे पातेले घ्या आणि हात तळापर्यंत घालून चांगले ढवळा. शाई मागून दिसणारा पातळ कागद टाळा. स्टेपल तर नकोच, बोटांना ती लगेच कळते.

प्रश्न : आमची बारा जणींची भिशी आहे. दर महिन्याला एक चिठ्ठी निघते आणि ती बाजूला ठेवतात. एका मैत्रिणीचे म्हणणे, 'दर महिन्याला माझी शक्यता वाढतच जाते, म्हणजे उशीरच बरा.' बरोबर का?
– गृहिणी, कसबा पेठ

उत्तर : भिशी सुरू होताना प्रत्येकीला प्रत्येक महिना सारखाच, १/१२. चौथा महिना घ्या : पहिल्या तिन्ही वेळी नाव न निघणे ११/१२ × १०/११ × ९/१०, आणि मग निघणे १/९. सगळे छेदत जाऊन १/१२ च उरतो. आठ महिने नाव निघाले नसेल तर नवव्यात १/४ हे खरे, पण तो आठ महिने वाट पाहिल्याचा परिणाम आहे, त्याला नशीब म्हणता येणार नाही. पैशाच्या हिशेबाने तर पहिल्या महिन्यात लागलेली भिशी म्हणजे बिनव्याजी उसने, आणि शेवटी लागलेली म्हणजे बिनव्याजी बचत.

भिशी लागून गेलेल्यांच्या चिठ्ठ्या चुकून परत टाकल्या गेल्या आणि 'जुने नाव निघाले तर पुन्हा काढायची' असे केले, तरी उरलेल्यांच्या संधीत काडीचाही फरक पडत नाही. वेळ तेवढा जातो.

प्रश्न : मार्केट यार्डात हापूसची पाच डझनी पेटी घेताना दोन-तीन आंबे चिरून पाहण्याचा काही उपयोग असतो का? साका (आतला गर खराब होणे) बाहेरून कळत नाही.
– आंबाप्रेमी, बिबवेवाडी

उत्तर : थोडा असतो, पण लोक समजतात तेवढा नाही. समजा पेटीतल्या ६० पैकी ६ आंब्यांत साका आहे. तीन चिरले आणि तिन्ही चांगले निघाले, याची संभाव्यता :

५४/६० × ५३/५९ × ५२/५८ = सुमारे ०.७२५

म्हणजे दहा टक्के खराब असलेली पेटी शंभरातल्या बहात्तर वेळा या चाचणीतून सहीसलामत सुटेल. पकडली जाईल सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस वेळा. पाच आंबे चिरले तर पकडण्याची संधी ४२ टक्के, दहा चिरले तर ६८. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर १९ आंबे चिरावे लागतील. तोवर आमरसच तयार होईल.

'निदान एक खराब निघेल' असे विचारले की नेहमी 'एकही नाही' याची संभाव्यता काढून १ मधून वजा करावी. एक खराब, दोन खराब, तीन खराब असे वेगवेगळे मोजत बसलात तर क्रम मोजण्यात हमखास चूक होते. दुसरी युक्ती कमी जणांना माहीत असते. दहा आंब्यांसाठी दहा अपूर्णांक गुणण्याऐवजी साक्याच्या सहा आंब्यांच्या बाजूने पाहा. ते सहाही न चिरलेल्या ५० मध्ये असले पाहिजेत : ५०/६० × ४९/५९ × ४८/५८ × ४७/५७ × ४६/५६ × ४५/५५ = ०.३१७. उत्तर तेच, गुणाकार सहाच. खराब नग आणि नमुन्यातले नग यांपैकी जो आकडा लहान, तितकेच अपूर्णांक पुरतात.

हे सगळे आंबे सरमिसळ असतील तर. प्रत्यक्षात पेटीत थर असतात आणि वरचा थर दाखवण्यासाठी लावलेला असू शकतो. तिन्ही आंबे वरूनच उचलले, तर तुम्ही ६० मधून निवड केलीच नाही, वरच्या थरातून केली. एक वरचा, एक मधला, एक तळाचा घ्या. आंबेवाला तळाला हात घालू देत नसेल, तर ते उत्तर कुठल्याही अपूर्णांकापेक्षा जास्त बोलके आहे.

प्रश्न : आमच्याकडे भोसरीत लॉट (एका वेळी तपासायला घेतलेला माल) तपासताना नमुना घेतात. काही जण 'परत टाकून' धरूनच हिशेब करतात, म्हणे फरक पडत नाही. कधी पडतो?
– गुणवत्ता विभागातील कर्मचारी, भोसरी

उत्तर : लॉटच्या मानाने नमुना लहान असेल तर पडत नाही. नमुना लॉटच्या दहा टक्क्यांहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. काटेकोर काम असेल तर पाचच टक्के धरतात. ५०० नगांच्या लॉटमध्ये १० सदोष आणि नमुना २० चा. एकही सदोष न सापडण्याची संभाव्यता सोप्या हिशेबाने ०.९८ चा विसावा घात, म्हणजे ६६.८ टक्के. खरी ६६.२. एवढ्यासाठी कोणी भांडू नये. पण २५ नगांचा लॉट, त्यात २ सदोष, नमुना १० चा असे असेल, तर सोपा हिशेब ०.९२ चा दहावा घात, ४३.४ टक्के देतो आणि खरे उत्तर १५/२५ × १४/२४ = ३५ टक्के येते. चुकीची दिशाही लक्षात ठेवा. परत टाकून धरल्यास खराब लॉट सुटून जाण्याची भीती आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तपासलेला चांगला नग पुन्हा नमुन्यात येत नाही, म्हणून खरी तपासणी थोडी कडकच असते.

एक्सेलमध्ये हायपरजिओमेट्रिक वितरणाचे, म्हणजे 'परत न टाकता' घेतलेल्या नमुन्याच्या हिशेबाचे, तयार सूत्र आहे. त्यात आकडे या क्रमाने भरतात : नमुन्यात सापडलेले सदोष, नमुन्याचा आकार, लॉटमधले एकूण सदोष, लॉटचा आकार. शेवटी 'नेमके इतके' की 'इतके किंवा कमी', याची निवड असते. दुसरा आणि तिसरा आकडा अदलाबदल झाले तरी उत्तर तेच येते (आंब्यांची युक्ती चालते ती यामुळेच). चौथा चुकला तर मात्र सगळे चुकले. आणि लागोपाठ तयार झालेले दहा नग एकाच ट्रेमधून उचलू नका. टूल झिजले की सदोष नग ओळीने येतात, त्यामुळे एकतर सगळे सापडतात किंवा एकही नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात हौजी खेळताना पहिल्या पाच आकड्यांतच एकाचे 'अर्ली फाइव्ह' (तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सर्वांत आधी पुकारले जाणे) झाले. तिकिटे २०० विकली होती. लबाडी म्हणावी का?
– मंडळाचा कार्यकर्ता, धनकवडी

उत्तर : हौजीत १ ते ९० आकडे, तिकिटावर १५, आणि पुकारलेला आकडा परत पिशवीत जात नाही. एका ठरावीक तिकिटासाठी संभाव्यता १५/९० × १४/८९ × १३/८८ × १२/८७ × ११/८६, म्हणजे साधारण १४,६३५ मध्ये एक. तुमच्या कार्यकर्त्यांपैकी कोणी १/६ पाच वेळा गुणून ७,७७६ मध्ये एक असे काढले असेल, तर ते जवळजवळ दुप्पट झाले. लहान संभाव्यतांत छेद-अंश कमी न केल्याची चूक अशी फुगते.

पण तुमचा प्रश्न ठरावीक तिकिटाचा नाही, दोनशेंपैकी कोणत्याही तिकिटाचा आहे. ती संधी जास्तीत जास्त २००/१४,६३५, म्हणजे सुमारे ७३ खेळांत एक. शहरात एका उत्सवात हौजीचे जितके खेळ होतात ते पाहता, कुठेतरी हे घडणारच. एवढ्यावरून लबाडी ठरत नाही. त्याच माणसाचे पुढच्या खेळातही असेच झाले तर मात्र पिशवी उलटी करून नव्वदच्या नव्वद सोंगट्या आहेत का ते मोजा, आणि पुकारलेले आकडे फळ्यावर लिहीत जा.